सालगिरह म्हणजे वर्षाची गाठ : मुलाच्या वाढदिवसाला घरची एखादी रीत हवी

आपल्या घरांत मुलांच्या वाढदिवसाच्या दोन तऱ्हा दिसतात. एका घरात हॉल, फुग्यांची कमान, मुलाचा फोटो छापलेला केक, पन्नास-साठ मेहमान आणि निघताना प्रत्येक मुलाच्या हातात रिटर्न गिफ्ट. दुसऱ्या घरात काहीच नाही. "आपल्यात वाढदिवस करत नाहीत," एवढं एक वाक्य, आणि मूल नेहमीसारखं डबा घेऊन शाळेत. तिसरी तऱ्हा खरं तर सगळ्यात जास्त दिसते. पहिल्या वाढदिवसाला उधार-उसनवार करून हॉल, दुसऱ्याला घरातच केक, आणि पाचव्यापर्यंत "राहू दे या वर्षी, पुढच्या वर्षी बघू". मुलाला ज्या वयात काही आठवतच नाही त्या वयात सगळा खर्च, आणि आठवायला लागतं त्या वयात काही नाही!

मी मध्य मुंबईतल्या एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. वर्गात चॉकलेट वाटणारं मूल आणि कधीच न वाटणारं मूल, दोघांचे चेहरे मला समोरून दिसतात. 'माझा वाढदिवस' हा निबंध मी पाचवी-सहावीला हमखास देते. गंमत अशी की हॉलमधल्या पार्टीवर लिहिलेला निबंध चार ओळींत संपतो. केक कापला, सगळे आले, खूप मजा आली, बस. ज्या निबंधांना खरोखर काही सांगायचं असतं त्यांत वेगळंच काही असतं. त्या दिवशी दादी पहिला घास आपल्या हाताने भरवते. त्या दिवशी अब्बू ओव्हरटाइम करत नाहीत. अम्मी दर वर्षी तीच गोष्ट सांगते, की मी झालो त्या रात्री इतका पाऊस होता की टॅक्सी परळच्या पुलाखाली अडकली. मुलांच्या मनात तेच राहतं जे दर वर्षी परत होतं. म्हणून या लेखात पार्टी कशी करावी हे नाही. घरात एखादी रीत कशी लावावी, एवढंच आहे.

रीत म्हणजे काय, याची माझी कसोटी साधी आहे. ज्या वर्षी घरात पैसा नाही, कुणाची नोकरी गेली आहे, कुणी आजारी आहे किंवा घरात मयत झाली आहे, त्या वर्षीही जी करता येईल ती रीत. बाकी सगळा कार्यक्रम.

करावा की करू नये?

पालकसभा संपली की एखादी आई मागे थांबते आणि हळूच विचारते, "टीचर, बर्थडे करणं जायज आहे का?" मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही. उलेमांमध्ये याबाबत मतभेद आहेत हे उघड आहे. अनेक आलिम म्हणतात, ही दुसऱ्यांची रीत आहे, तिची नक्कल नको, शिवाय त्यात इसराफ म्हणजे उधळपट्टी होते. काही आलिम म्हणतात, त्याला दीनचा भाग न समजता, फिजूलखर्ची टाळून, अल्लाहचा शुक्र म्हणून घरात आनंद केला तर हरकत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) सोमवारी रोजा ठेवत, आणि विचारल्यावर त्यांनी सांगितलं की या दिवशी आपला जन्म झाला. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे आणि दोन्ही बाजू ती आपापल्या परीने समजावतात. ज्याचा ज्या आलिमवर भरवसा, त्याने त्यांना विचारावं.

मला सांगायचं आहे ते याच्या अलीकडचं आहे. "आपल्यात नसतं" म्हणणाऱ्या घरातलं मूलही लालबाग-परळच्या त्याच जिन्यावर वाढतं. शेजारच्या दोस्ताचं त्या दिवशी औक्षण होतं, त्याची आई खीर करते, काकू-मावश्या डोक्यावर हात ठेवतात. कधी कधी त्याच काकू आपल्या मुलालाही हाक मारून पाटावर बसवतात. आता निरांजन ओवाळून घ्यावं की नाही हा घराघराचा निर्णय. पण काकूंच्या हातची खीर आणि त्यांचा आशीर्वाद यांना नाही म्हणू नये, असं माझं मत. आपल्या मुलाला मात्र फक्त "आपल्यात नसतं" असं सांगून सोडलं, तर तो मनात वेगळाच अर्थ लावतो. त्याला वाटतं, आपल्यात आपल्या येण्याची खुशीच नसते.

हे तर खरं नाही. मूल आलं की कानात अजान. सातव्या दिवशी अकीका, डोक्याचे केस काढून त्यांच्या वजनाइतकी चांदी सदका. पुष्कळ घरांत चार वर्षं, चार महिने, चार दिवस झाले की बिस्मिल्लाह. मग पहिला रोजा, म्हणजे रोजा-कुशाई. कुरआन वाचून पूर्ण झालं की आमीन. इतक्या रीती आहेत, पण प्रत्येक आयुष्यात एकदाच. दर वर्षी येणारी रीत तेवढी राहून गेली. किंवा होती आणि आपण विसरलो, कारण शब्द अजून आपल्या तोंडात आहे.

दोरी आणि गाठ

साल म्हणजे वर्ष, गिरह म्हणजे गाठ. सालगिरह म्हणजे वर्षाची गाठ. जुन्या काळी मुलाच्या नावाने घरात एक दोरी ठेवलेली असायची आणि वर्ष पूर्ण झालं की तिला एक गाठ मारली जायची. किती वर्षांचा झालास, तर गाठी मोज. आज आपण लग्नाच्या वाढदिवसालाही सालगिरह म्हणतो आणि केकवर लिहून घेतो, पण दोरी कुणाकडे नसते.

मुघल दरबारात याच्या जोडीला वजन करण्याची रीत होती. ती मूळची इथल्या हिंदू राजांची तुलादानाची रीत, मुघलांनी उचलली. अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवलं आहे की अकबराचं वजन वर्षातून दोनदा व्हायचं, एकदा सूर्याच्या वर्षाप्रमाणे आणि एकदा चंद्राच्या. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात सोनं, रेशीम, धान्य अशा जिनसा, आणि ते सगळं नंतर वाटून टाकायचं. शहजाद्यांचं वजन दुसऱ्या वर्षापासून सुरू व्हायचं. पहिल्या खेपेला एकच जिन्नस, मग दर वर्षी एक-एक वाढवत जायची. इंग्रज वकील थॉमस रो याने १६१७ साली जहांगीरचं वजन होताना पाहिलं होतं. पुढे औरंगजेबाने स्वतःचं वजन करवून घेणं बंद केलं. म्हणजे करावं की करू नये ही चर्चा आजची नाही.

बादशाहाचं सोनं आपल्याकडे नाही. पण यातल्या दोन गोष्टी दहा बाय बाराच्या खोलीतही जमतात : दोरी, आणि दर वर्षी एकाने वाढणारा सदका.

दोरीचं मी पालकांना असं सुचवते. दोन मीटर लांब, जाडसर सुती दोरी घ्या. एका टोकाला मणी किंवा बटण ओवा, ते जमिनीचं टोक. वाढदिवसाच्या दिवशी मुलाला भिंतीला पाठ लावून उभं करा, टोक टाचेशी धरा आणि डोक्याच्या उंचीवर दोरीला गाठ मारा. दर वर्षी एक. गाठ कोण मारणार हे एकदाच ठरवा आणि मग बदलू नका, दादी तर दादी, मामू तर मामू. गाठीगाठींमधलं अंतर मुलं बोटांनी मोजत बसतात. चौथ्या-पाचव्या वर्षातलं अंतर केवढं आणि सहाव्या-सातव्यातलं केवढं, हे त्यांना स्वतःला दिसतं.

दरवाजाच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा ओढण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्या भागात चौकटीचा काय भरवसा? लालबाग-परळच्या चाळी पाडून टॉवर उभे राहतायत, नायगाव आणि डिलाइल रोडच्या बीडीडी चाळींचं काम चालू आहे, आणि आपली कितीतरी घरं आधीच मुंब्रा, मीरा रोडला गेली. चौकट मलब्यात जाते. दोरी ट्रंकेत घालून नेता येते.

एक सूचना. ही दोरी गळ्यात किंवा मनगटावर बांधायची नाही, तिच्यावर काही फुंकायचं नाही. ती ताईत नाही, टेप आहे. हे मुलांना आणि जरा शंकेखोर फुफूंनाही सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं.

चांदची तारीख

दादर-परळ भागात वाढदिवसाची दुसरी तारीख ठेवणं काही नवीन नाही. कितीतरी मराठी हिंदू घरांत तिथीने वाढदिवस असतो, आणि शिवजयंती तारखेने की तिथीने हा वाद तर आपण दर वर्षी ऐकतो. दादर पारशी कॉलनीतल्या लोकांचा एक वाढदिवस इंग्रजी तारखेचा आणि एक पारशी पंचांगातल्या रोजचा. त्या सकाळी गोड शेवया आणि दही. आपल्याकडे हिजरी तारीख आहे, पण मुलाची हिजरी जन्मतारीख किती घरांत माहीत असते? मी वर्गात विचारलं की दोन-चार हात वर येतात, तेही रमजानात किंवा ईदला जन्मलेल्यांचे.

हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षाहून अकराएक दिवसांनी लहान. मराठी पंचांगात अधिक महिना घालून हिशोब परत जागेवर आणतात, म्हणून तिथीचा वाढदिवस महिनाभर इकडे-तिकडे झाला तरी ऋतू सोडत नाही. हिजरीत अधिक महिना नाही. त्यामुळे चांदचा वाढदिवस सगळे ऋतू फिरून येतो. कधी मे महिन्याच्या घामात, कधी धो-धो पावसात, कधी डिसेंबरच्या सुट्टीत. साधारण तेहतीस वर्षांनी तो परत आपल्या इंग्रजी तारखेजवळ येतो, तेव्हा चांदच्या हिशोबाने माणूस एक वर्षाने मोठा असतो.

एक उदाहरण वहीत करून बघा. समजा मुलगी १ रमजान १४३८ ला जन्मली, म्हणजे आपल्याकडे २८ मे २०१७. तिला चांदच्या हिशोबाने आठ वर्षं १ रमजान १४४६ ला पूर्ण झाली, ती तारीख होती २ मार्च २०२५. इंग्रजी वाढदिवस अजून ८७ दिवस लांब! आठ वर्षांच्या मुलीला हे समजलं की ती दिवसभर सगळ्यांना सांगत फिरते, मी दोन वेळा आठची होते. हिशोब, भूगोल आणि दीनियात एकाच तासात.

तारीख शोधताना दोन गोष्टी सांभाळा. इस्लामी दिवस मगरिबपासून सुरू होतो. मूल रात्री नऊला झालं असेल तर चांदची तारीख पुढची लागेल. आणि मोबाइलमधलं हिजरी कॅलेंडर पुष्कळदा सौदीच्या हिशोबाने चालतं, आपल्या चांदपेक्षा एखाद दिवस पुढे. बोहरा कुटुंबांचं तर ठरलेलं मिसरी कॅलेंडर वेगळंच. जन्माच्या वर्षाची मशिदीची किंवा उर्दू अखबारची दिनदर्शिका कुणाकडे मिळाली तर तीच खरी.

ज्या घरांत केकची तारीख वादाची आहे तिथे चांदच्या तारखेने मार्ग निघतो, असा माझा अनुभव आहे. इंग्रजी तारीख शाळेची, दोस्तांची. चांदची तारीख घरची.

गिरगावातलं एक घर आणि 'अखबार'

आता मला जे मुख्य सांगायचं आहे त्याकडे येते. बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजींचं नाव आपण अंजुमन-ए-इस्लाममुळे ओळखतो. १८७४ साली अंजुमन उभी करणाऱ्यांत ते होते आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षही. हे सुलेमानी बोहरा खानदान मुंबईत फार पसरलेलं होतं. या खानदानाची एक खासगी रीत होती जी कमी लोकांना माहीत आहे. त्यांच्या घरांत एक वही ठेवलेली असायची, तिचं नाव 'अखबार की किताब'. घराचं वर्तमानपत्रच म्हणा ना. कोण आलं, कोण गेलं, कुणाला मूल झालं, कोण आजारी पडलं, सहलीला कुठे गेलो, काय खाल्लं, हे त्यात लिहायचं. पुरुष लिहायचे, बायकाही लिहायच्या. लिहायचं उर्दूत. एकोणिसाव्या शतकात, जेव्हा आपल्या बहुतेक घरांत बाईच्या हातात कलम नव्हतं, तेव्हा या घरांतल्या बायकांनी रोजच्या गोष्टी लिहून ठेवल्या. आज मुंबईच्या मुस्लिम घरांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक त्या वह्या उघडून बसतात.

तय्यबजी श्रीमंत होते, शिकलेले होते, हे मान्य. पण वही आणि पेन यांना श्रीमंती लागत नाही. आपण रोज लिहिणार नाही, हेही मान्य. मग वर्षातून एकदा लिहा. मुलाच्या वाढदिवसाच्या रात्री.

कसं करायचं? जेवण झालं की वही काढायची. घरातल्या प्रत्येकाने या मुलाच्या गेल्या वर्षाबद्दल एक गोष्ट सांगायची. कौतुकच हवं असं नाही, घडलेली गोष्ट हवी. "या वर्षी तू एकटा खाली जाऊन पाव आणायला लागलास." "तुझे पुढचे दोन दात पडले, एक तू गिळलास." "तुला टायफॉइड झाला आणि नाना दोन रात्री बसून राहिले." ज्याला लिहिता येतं त्याने लिहावं, ज्याला येत नाही त्याचं मुलाने स्वतः लिहून घ्यावं. शेवटी मुलाने आपली एक ओळ लिहायची. पहिल्या वर्षी ती चित्रच असेल. चालतं.

यात पालकांचं एक सारखं चुकतं, तेवढं टाळा. त्या रात्री मुलाचे मार्क काढू नका. "पुढच्या वर्षी हिशोबात जास्त मार्क आण" हे वाक्य वहीत आलं की पुढच्या वर्षी मूल वहीपासून पळतं. नसीहत द्यायला ३६४ दिवस आहेत.

दुसरी गोष्ट लिपीची, आणि ही मला शिक्षिका म्हणून फार बोचते. दादी उर्दूत लिहिते. अम्मी उर्दू शाळेत शिकलेली, दोन्ही वाचते. अब्बू मराठी शाळेतले. नातू इंग्रजी माध्यमात, त्याला उर्दू वाचता येत नाही आणि मराठीही अडखळत. एकाच छताखाली तीन पिढ्या एकमेकांचं अक्षर वाचू शकत नाहीत. म्हणून दादीला उर्दूतच लिहू द्या, तिच्या लिखाणाखाली अम्मीने तेच मराठीत लिहावं. पुढे मुलाला दादीचं अक्षर बघून वाटलं की हे आपण स्वतः वाचावं, तर तो अलिफ-बे शिकायला बसेल. माझ्या उर्दूच्या तासाला जे जमत नाही ते कदाचित त्या पानाने जमेल.

वर्षाचा एक सवाल

याच तय्यबजी खानदानातला एक पोरका मुलगा गिरगावात खेतवाडीला मामाकडे वाढला. बाप तो वर्षाचा असताना गेला, आई तीन वर्षांचा असताना. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना स्वतःचं मूल नव्हतं, घर मात्र नात्यातल्या पोरांनी भरलेलं. हे पोर म्हणजे सालिम अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६. दहा-अकरा वर्षांचा असताना छर्ऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी मारली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. नेहमीची चिमणी नाही, मग ही खायला चालेल का, अशी शंका. चिमणी घेऊन तो मामाकडे गेला. मामांना त्या पक्ष्याचं नाव माहीत नव्हतं. पण त्यांनी पोराला वाटेला लावलं नाही. चिठ्ठी लिहून दिली आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवलं. मिलर्डसाहेबांनी पक्षी ओळखून दाखवला आणि सोसायटीचे भुसा भरलेले पक्षी कपाटं उघडून दाखवले. ही हकीकत सालिम अलींनी १९८५ साली आलेल्या आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. त्या आत्मचरित्राच्या नावातही चिमणी आहे.

आज त्यांचा वाढदिवस राष्ट्रीय पक्षी दिन म्हणून पाळतात, आणि महाराष्ट्रात ५ नोव्हेंबर ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि दुसऱ्या टोकाला सालिम अलींचा. लोक सकाळी लवकर उठून पक्षी बघायला जातात. वाढदिवस असाही साजरा होतो.

मला यातला मामा महत्त्वाचा वाटतो. म्हणून दुसरी रीत : वाढदिवसाला मुलाने एक सवाल विचारायचा, ज्याचं उत्तर घरात कुणाला येत नाही. तो वहीत लिहायचा. आणि घरातल्या एका मोठ्याने, मामू, खालू, चाचा, फुफू कुणीही, त्या वर्षात मुलाला अशा माणसाकडे न्यायचं ज्याला ते उत्तर माहीत आहे. गिफ्ट म्हणून प्लॅस्टिकची गाडी आणण्यापेक्षा हे काम मामूला द्या. सवाल लहान असला तरी चालतो. लोकलचे डबे धुतात कुठे? विचारा रेल्वेत कामाला असलेल्या एखाद्या चाचांना. शिवडीच्या खाडीत गुलाबी पक्षी येतात ते कशाने गुलाबी होतात? हिवाळ्यात शिवडीला घेऊन जा, तिथे दुर्बीण घेऊन उभा असलेला कुणीतरी सांगतोच, आणि बघायलाही देतो. गिरणीत साचा चालायचा कसा? परळ-लालबागला अजून साचा चालवलेले नाना आहेत. फार दिवस नसतील.

एकाने वाढणारा सदका

मुघल शहजाद्यांच्या पारड्यात दर वर्षी एक जिन्नस वाढायची. आपण वाट्या वाढवू. तीन वर्षांचं मूल, तीन वाट्या तांदूळ. आठ वर्षांचं, आठ वाट्या. मुलाने स्वतः मोजून पिशवीत भरायचे, सांडले तर सांडू द्या. तांदूळ कुठे द्यायचा हे आपापल्या मोहल्ल्याप्रमाणे : गल्लीतली एखादी बेवा, मदरशाचं स्वयंपाकघर, किंवा परळला टाटा हॉस्पिटलजवळ बाहेरगावहून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक जिथे राहतात तिथे जेवण बनवणारी एखादी संस्था. हे हॉस्पिटल १९४१ पासून तिथे आहे आणि देशभरातून लोक येतात. तिथे जायचं तर संस्थेला आधी विचारा. फुटपाथवर बसलेल्या आजारी माणसाच्या हातात मुलाकडून पाकीट देववून त्याचा फोटो काढू नका. ग्रुपवर तर नकोच. तो माणूस कुणाचा तरी अब्बू असतो.

मुलगा अठराचा झाला की अठरा वाट्यांच्या जागी परळच्या केईएममध्ये रक्तदान करता येईल. वय १८ पूर्ण आणि वजन निदान ४५ किलो लागतं, बाकी डॉक्टर तपासून सांगतात.

एक कोरडं काम

वाढदिवसाच्या आठवड्यात अर्धा तास कागदांसाठी काढा. हे कुणाला रीत वाटणार नाही, पण दहावीच्या फॉर्मच्या वेळी आमच्या ऑफिसबाहेर रडवेल्या आया उभ्या असतात, म्हणून लिहिते. जन्मदाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर 'मोहद', शाळेच्या रजिस्टरला 'एमडी'. एकीकडे 'शेख' एका स्पेलिंगने, दुसरीकडे दुसऱ्या. तिन्ही कागद शेजारी ठेवा आणि अक्षर-अक्षर जुळवा. जन्मदाखल्यावर मुलाचं नाव घालायचं राहिलं असेल तर पहिल्या वर्षात ते फी न भरता होतं, नंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारा. आधारचे बोटांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. दाखल्याची एक झेरॉक्स वहीच्या कव्हरात ठेवा.

मोठ्या माणसांचं मात्र उलटं आहे. आपल्या दादा-नानांच्या दाखल्यांवर जन्मतारीख बघा, कितीतरी जणांची १ जून निघेल. गुरुजींनी शाळेत नाव घालताना वय बसवून टाकलेली ती तारीख. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून १ जून. खरी तारीख कुणी लिहिलीच नव्हती. दादीला विचारलं तर ती म्हणते, मोठ्या पुराच्या साली, किंवा अमक्या मामूच्या निकाहच्या आधीच्या रमजानात.

म्हणून वही आणली की पहिलं पान मुलाला देऊ नका, दादीला द्या. कागदावरची १ जून लिहा आणि तिच्याखाली तिला आठवतं ते तिच्या शब्दांत : कुठल्या गावी, कुणाच्या घरात, दाई कोण होती, बाहेर पाऊस होता की नव्हता. नातवाला विचारू द्या. ती एका बैठकीत सांगणार नाही, मध्येच रडेल, मध्येच चहा मागेल. दोन-तीन पानं कोरी सोडा. दुसऱ्या पानापासून मुलाचं पहिलं वर्ष. वही शिवलेल्या बांधणीची घ्या, स्पायरलची पानं निघतात. शाईचं पेन नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात अक्षर फुटतं, बॉलपेन बरं. आणि दोरी त्याच वहीभोवती गुंडाळून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी दोन्ही एकदम सापडतात.